थाप मार म्हणाले म्हणून

११ नोव्हेंबर २०२४, सुरत

कोच सर म्हणाले, फायटर लोक डायरी लिहितात. काय खाल्लं, झोप कशी झाली, वजन काय भरलं. म्हणून लिहून राहिलो. नववी नापास झाल्यापासून मी फक्त पार्सलवरचे पत्ते लिहिले आहेत. त्यामुळे मधातच एखाद्या ठिकाणी पिनकोड आला तर मलेच हसू येईल.

खाल्लं : खिचडी. झोप : बरी. वजन : माहीत नाही. साड्या तोलायच्या काट्यावर उभा राहिलो तर शेठ ओरडला, "उतर, पचास किलो का काटा है."

मी धर्मेंद्र बुधाजी तेलगोटे, दर्यापूरजवळच्या गावचा. दिवसा मार्केटमध्ये साड्यांचे गठ्ठे बांधतो, उचलतो आणि टेम्पोत फेकतो. संध्याकाळी तळघरातल्या जिमची झाडझूड. तिथं मिक्स मार्शल आर्ट शिकवतात. कुस्ती, बॉक्सिंग, लाथा, गळा दाबणं, सगळं एकातच, मेसच्या मिक्स भाजीसारखं. झाडता झाडता मीही शिकलो. आता तर माझ्याशिवाय जिमचं पान हलत नाही. गळा दाबायचा नवा प्रकार दाखवायचा असला की सर म्हणतात, "धरमा को बुलाओ." सुरतची मोठमोठी पोरं आहेत, पण इतकी मागणी कोणालेच नाही.

गळा सुटायले एक उपाय असतो. समोरच्याच्या अंगावर हातानं पट-पट मारायचं, मंग तो सोडते. जिममध्ये त्याले पट-पटच म्हणतात. तसं केलं की हरलो. मी एकदाही केलं नाही. त्याआधीच मले झोप लागते.

१७ नोव्हेंबर

आतापर्यंतच्या तीन फाइटचं लिहून ठेवतो, म्हणजे पुढं मोठा झाल्यावर विचारलं तर अडचण नको.

पहिलीत झोप लागली. दुसरीत नाकातून रक्त आलं. डॉक्टरनं थांबवली. मी म्हटलं, "साहेब, हे नाक लहानपणापासून असंच आहे." त्यानं ऐकलं नाही.

तिसरी मी जिंकलो होतो. गड्याले उचलून असा पाठीवर आपटला की दोन्ही खांदे जमिनीले लागले. चीत. मी उठलो, मातीले हात लावायले गेलो तर खाली रबर. तरी लावला. हात वर करून लोकांना दाखवला. तेवढ्यात मागून त्यानं कानाखाली लाथ मारली. नंतर सरांनी सांगितलं की या खेळात चीत नसतेच, पाठ लागली तरी चालूच राहते. मी म्हटलं, मंग पाठीचा उपयोग काय?

२४ नोव्हेंबर

बाबाचा फोन. बाबा गावात नळ सोडते, ग्रामपंचायतीचा माणूस. सकाळी नळ सोडायच्या आधी विहारात भोंग्यावर त्रिशरण-पंचशील म्हणते. चौथं शील आलं की त्याचा आवाज चढते. खोटं बोलणार नाही, हे ते शील. त्याच वेळेस उपसरपंच रस्त्यानं जात असते.

तर बाबा म्हणे, "धर्मा, तू तथी साड्या बांधते का मार खाते?"

"दोन्ही बाबा."

"पयलं शील काय हाये?"

"जिवाची हिंसा करणार नाही."

"मंग?"

"बाबा, मी जिवानं थोडीच मारतो? आन् समोरचा सत्तर किलोचा माणूस असते."

"सत्तर किलोच्या माणसात जीव नसते काय बे?"

 मंग बाबानं फैसला सांगितला. "पाप करून राह्यला तं निदान नीट कर. जयंतीच्या आत माह्या डोयादेखत एक फाइट जिंकून दाखव. नाही तं सुरत बंद. पुंजाराममामाच्या कुलरच्या दुकानात बसाचं आन् घास भराची."

कुलरची घास म्हणजे जाळीत कोंबतात ते लाकडाचं गवत. मी एक उन्हाळा भरली आहे. अंगात अशी खाज सुटते की माणूस नाचते आणि मामा म्हणते, नाचू नको, गिऱ्हाईक पाहून राहिलं.

माय मागून ओरडली, "नाकाले लागू देऊ नको म्हणा, पाहुणे येतीन पोरी घेऊन!" पाहुणे पोरी पाहायले बोलावतात, घेऊन येत नाहीत. पण मायले नाही म्हणायची सोय नाही.

२ डिसेंबर

रोज सरांले विचारतो, फाइट आहे का. सर म्हणतात, तेरा रेकॉर्ड देख के कोई देता नहीं. घाबरतात बहुतेक.

१९ डिसेंबर

लागली! फाइट लागली! तीही अकोल्यात, गावापासून जीपनं जायच्या अंतरावर!

अमरावतीच्या किशोरभाऊचा फोन आला. मोठे माणूस आहेत. लग्नाचं डेकोरेशन, डीजे आणि आता फाइट. तीन धंदे म्हणे, पण सामान एकच लागते.

"रेकॉर्ड काय हाये तुहा?"

"शून्य-तीन, भाऊ."

"म्हणजे जिंकल्या शून्य?"

"हाव."

"एकही नाई?"

"नाई."

"चुकून बी नाई?"

"नाई भाऊ."

 मंग म्हणाले, "अरे वा!"

साधा माणूस. समोरच्याचं मन राखते. मंग विचारलं, "मार किती सहन करते?"

मी छाती काढून म्हटलं, "शेवटपर्यंत, भाऊ."

"नाई नाई, इतका नाई लागत. दुसऱ्या राउंडापर्यंत पुरे."

समोर अश्विनभाऊ आहे, अकोल्याच्या जुन्या शहरातला. पाच-शून्य. बॅनरवर त्याचं नाव 'मोर्णेचा मगर'. मोर्णा नदीत जलकुंभीच्या खाली काय काय आहे कोणाले माहीत, तेव्हा असेलही. मी सुरतेत राहतो म्हणून माझं नाव 'डायमंड धर्मा' ठेवलं. मी म्हटलं, भाऊ, मी साड्यांमध्ये आहे. किशोरभाऊ म्हणाले, "मंग साडी धर्मा लिहू काय बे?"

२० डिसेंबर

सरांले सांगितलं. सरांनी डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद असेल म्हणून मी पाया पडलो. पण हात त्यांनी स्वतःच्या डोक्यावर ठेवला होता.

५ जानेवारी २०२५

खाल्लं : अंडी. झोप : जिममध्ये दोनदा, गळा दाबून. घरी नाही.

एक विचार येते. हरलो तर मामाची घास. जिंकलो तर काय, ते कोणी सांगितलं नाही. तरी जिंकावंच वाटते. एकदा तरी माझा हात दुसऱ्या माणसानं धरून वर करावा. आतापर्यंत मलेच करावा लागला, आणि एकदा केला तर कानाखाली बसली.

शेठनं सुट्टी दिली. म्हणाला, "जीत के आना, नहीं तो भी आना, माल बहुत पड़ा है." बाबाची अट त्याले सांगितली नाही. मंग त्यानं मलेच पार्सलमध्ये बांधून ठेवलं असतं.

२४ जानेवारी, अकोला

सकाळी गाडीतून उतरलो. स्टेशनवर देवमनभाऊ घ्यायले आले. हे माझे कॉर्नरमन, म्हणजे फाइट चालू असताना जाळीच्या बाहेरून मले सांगणारे. एरवी किशोरभाऊचं जनरेटर सांभाळतात. प्रेमळ माणूस. फक्त तोंडात चोवीस तास खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, गालात लिंबाएवढा गोळा, त्यामुळं ट निघतच नाही.

"थेन्शन घेऊ नको," म्हणाले. "थेम्पोत बस."

बसलो. टेम्पोत लोखंडी जाळी होती. पिंजरा तिचाच करायचा आहे. देवमनभाऊ म्हणाले, एरवी ही जाळी वऱ्हाडी मंडळी जेवणावर तुटून पडू नये म्हणून आडवी लावतात.

फाइट लग्नाच्या लॉनवर आहे. काल तिथं लग्न होतं. मागच्या थर्माकोलवरचं 'विवाह' निघालं, 'शुभ' निघालं नाही. फायटरले बसायले नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या ठेवल्या आहेत. मी नवरीच्या बाजूले आहे.

वजन करायले कुठून तरी कापसाचा काटा आणला होता. माझं वजन पॉइंट सत्तर क्विंटल भरलं. इतकं हलकं मले आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

अश्विनभाऊ बुलेटवर आला. जवळून चांगला माणूस आहे. लॉनच्या गेटसमोर गाडी लावली, दोनदा मागं वळून पाह्यलं, मंग आत आला. मले म्हणाला, "सुरतेहून आला? बापा. जेवला का?" मी म्हटलं, उद्या लढायचं आहे म्हणून कमी जेवलो. तर म्हणे, "जेव ना बे, तुले काय फरक पडते?"

कोपऱ्यात एक मोठा बॅनर गुंडाळून ठेवला होता. मी उलगडून पाह्यला. 'मोर्णेचा मगर अश्विनभाऊ यांचे सलग सहाव्या विजयाबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुकांचे फोटो, त्यात देवमनभाऊही, गॉगल घालून. बिचाऱ्यांनी पाचच्या जागी सहावा छापला. मी किशोरभाऊले चूक दाखवली. ते म्हणाले, "राहू दे, राहू दे," आणि बॅनर घेऊन गेले. त्यांची चूक दाखवायले नव्हती पाहिजे. माणसाले लागते.

जायच्या आधी किशोरभाऊनं मले बाजूले घेतलं. "हे पाय धर्मा. पयल्या राउंडात तू तुह्या मनानं खेळ. दुसऱ्या राउंडात देवमन एकच शब्द बोलन. तो शब्द आला की लगेच तसं कराचं. विचार नाई कराचा."

"कोणता शब्द भाऊ?"

तेवढ्यात रेफ्री आले, भोपाळचे, हिंदी माणूस, गोरेगोमटे. किशोरभाऊ एकदम मोठ्यानं हसले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि कानात म्हणाले, "आला की समजन."

आजवर मले कोणी असं आतलं मार्गदर्शन केलं नाही. सुरतेत तर सर माझ्या फाइटच्या वेळेस मोबाइलच पाहत असतात.

२६ जानेवारी, गाव

काल लिहिणं झालं नाही.  आता सगळं जसं झालं तसं लिहितो, कारण मलेच अजून नीट समजलं नाही.

बाबा आणि माझी बहीण दीक्षा दर्यापूरहून जीपनं आले. दीक्षा अमरावतीले नर्सिंग शिकते, इंग्रजी बोलते, आणि मी मोठा भाऊ असून मले हाताखाली वागवते. दोघांना मधातल्या सोफ्यावर बसवलं, वरबाप बसते तिथं. बाबानं नळ सोडायची चावी पिशवीत सोबत आणली होती. ते ती कोणाजवळ ठेवत नाहीत.

पहिला राउंड. अश्विननं मले मारलं. मी पाह्यलं, कुठून मारते. पुन्हा मारलं. पुन्हा पाह्यलं. राउंड संपला तेव्हा माझ्या लक्षात आलं की पाहण्यातच सगळा वेळ गेला. नवरीच्या खुर्चीत बसलो. देवमनभाऊनं पाणी दिलं. "बेस्थ. असंच चालू दे."

दुसऱ्या राउंडात त्यानं मले खाली घेतलं, पाठीमागून आला आणि गळ्यात हात टाकला. हा प्रकार मले पाठ आहे. आधी कानात शिट्टी वाजते, मंग दिवे पिवळे होतात, मंग झोप. शिट्टी वाजली. आणि त्या शिट्टीतून देवमनभाऊचा आवाज आला, जाळीले तोंड लावून, खर्रा सांभाळत :

"थाप मार! धर्मा, थाप माऽऽर!"

शब्द आला! पण थाप? म्हणजे खोटं बोल? मले वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"थाप मार ना बे! लवकर मार!"

विचार करायचा नाही असं सांगितलं होतं. पण समोरच्या सोफ्यावर बाबा बसलेला. पिवळ्या उजेडात मले फक्त त्याचं धोतर आणि पिशवी दिसत होती. ज्या माणसानं आयुष्यभर चौथं शील भोंग्यावरून सांगितलं, त्याच्यासमोर थाप मारायची? आणि मारायची तर कोणाले? ऐकायले जवळ एकच माणूस होता, आणि तो माझा गळा दाबून राहिला होता.

देवमनभाऊ अनुभवी माणूस. सांगतात तर काही कारण असेल. मी दात वाचवायचं तोंडातलं रबर जिभेनं बाजूले केलं आणि जेवढा श्वास होता तेवढ्यात म्हटलं,

"अश्विनभाऊ... तुई बुलेट... टोईंगवाले... घेऊन चालले..."

"कुठी?" अश्विन म्हणाला आणि त्यानं मान वळवून गेटाकडे पाह्यलं.

हात ढिला झाला. मी फिरलो. त्याची कंबर माझ्या हातात आली आणि पुढचं मी फायटर म्हणून केलंच नाही. ते मार्केटच्या सवयीनं झालं. गठ्ठा उचलायचा, खांद्यावर घ्यायचा, टेम्पोत फेकायचा. टेम्पो नव्हता. अश्विन जमिनीवर पडला तो उठलाच नाही. तोंड उघडं, श्वास अडकलेला, डोळे गेटाकडे.

रेफ्री मधात पडले. हात हलवले. संपली.

लॉनवर कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. डीजेवाल्यानं चुकून अश्विनचं गाणं लावलं, मंग बंद केलं. रेफ्रीनं माझं मनगट धरलं आणि हात वर केला. माझा हात, दुसऱ्या माणसानं. मी बाबाकडं पाह्यलं. बाबा उभे राहिले होते.

किशोरभाऊ खाली बसले होते. देवमनभाऊनं कपाळावर हात मारून घेतला, मंग दुसऱ्या हातानंही. आनंद माणसाले कसा होते, काही सांगता येत नाही.

तेवढ्यात अश्विनले श्वास आला. तो बसल्या बसल्या ओरडला, "सर! यानं थाप मारली! माह्या कानात थाप मारली यानं!"

भोपाळचे रेफ्री दचकले. "टैप मारा? कब मारा?"

"गळा धरला होता तेव्हा! याच्या कॉर्नरले विचारा!"

"मैंने तो हाथ नहीं देखा."

"हातानं कशाले, तोंडानं मारली!"

रेफ्री म्हणाले, तोंडानं मारला तरी चालतो, तोही धरतात. मंग ते देवमनभाऊकडे वळले. "कॉर्नर, तुमने सुना?"

देवमनभाऊनं आधी खर्रा थुंकला. पहिल्यांदाच त्यांचं तोंड रिकामं पाह्यलं. म्हणाले, "हाव साहेब, मीच तं बोंबलून राह्यलो होतो मार म्हणून. सगळ्या लॉननं ऐकलं."

रेफ्री माझ्यासमोर आले. माझा हात त्यांच्या हातात अजून अर्धा वरच होता. "देखो बेटा, सच बताना. तूने टैप मारा था?"

मी गेटाकडे पाह्यलं, अश्विनकडे पाह्यलं. नाही म्हटलं असतं तर कोण काय करणार होतं? हात वर होताच. सुरत राहिली असती, मामाची घास गेली असती. पण बाबा सोफ्यासमोर उभे, नळाची चावी पोटाशी धरून. एक थाप मारून झालीच होती. ती झाकायले दुसरी मारली असती तर मंग माणूस थांबते कुठं?

मी म्हटलं, "हाव साहेब. मारली."

रेफ्रीनं माझा हात खाली सोडला आणि अश्विनचा उचलला. माइकवर म्हणाले, "विनर बाय सबमिशन." लॉनवर फटाके फुटले, ते आधीच आणून ठेवले होते. बॅनरही उलगडला. आता त्यातली चूक बरोबर झाली होती.

किशोरभाऊनं मले इतकं घट्ट धरलं की अश्विननंही धरलं नव्हतं. डोळ्यांत पाणी. "धर्मा, तुह्यासारखा माणूस या धंद्यात नाई. फक्त ते मधातलं उचलून आपटणं कमी कर." मार्चमध्ये अमरावतीले पुन्हा बोलावलं. हरलेल्या माणसाले इतक्या मानानं कोण बोलावते?

बाहेर गेटाजवळ अश्विन बुलेटवर हात फिरवून पाहत होता. "गाडी तं अथीच हाये ना बे."

"हाव भाऊ. म्हणूनच तं थाप."

त्यानं बुलेटवरचा हात काढला. "येड्या, तू जिंकला होता. हाव कावून म्हनलं?"

"मारली होती म्हणून."

त्यानं बुलेटची किक मारली, बंद केली, उतरला, माझ्याशी हात मिळवला आणि मंग गेला.

जीपमध्ये बाबा पुढं बसले, मी आणि दीक्षा मागं, मधात एक शेळी.  दर्यापूर जवळ आलं. मामाच्या दुकानापाशी उतरवतात की काय म्हणून मले घाम सुटला. शेवटी बाबानं मान वळवली.

"जिंकला होता ना तू?"

"हाव बाबा."

"मंग निकाल कावून बदलला?"

"मी थाप मारली होती. खोटं बोललो होतो. साहेबानं विचारलं, मी कबूल केलं."

"खोटं बोलला म्हणून जिंकलेला माणूस हरते? या खेळात?"

"हाव. सबमिशन म्हणतात त्याले."

"म्हणजे काय?"

"कबुली."

दीक्षा म्हणाली, "दादा, अरे टॅप म्हणजे ना..."

"तू थांब बाई," बाबा म्हणाले. "मोठे लोक बोलून राह्यले."

तिनं बाबाच्या तोंडाकडे पाह्यलं. काय दिसलं कोणास ठाऊक, तिनं ओढणी तोंडात कोंबली आणि खिडकीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. हळव्या मनाची आहे पोरगी. शेळी तिला चाटत होती.

बाबानं चावीची पिशवी मांडीवर घेतली. मंग सगळ्या जीपले ऐकू जाईल असं म्हणाले, "म्या कचेरी पाह्यली, पंचायत पाह्यली, इलेक्शन पाह्यलं. खोटं बोलला म्हणून जिंकलेल्याचा हात खाली घेतलेला आजपर्यंत कुठीच पाह्यला नाई." आणि म्हणाले, "तुहा खेळ पयलं शील मोडते. पण चौथं पाळते. गावात तं एकही पाळून नाई राह्यले."

"मंग बाबा, मामाचं दुकान?"

"कायचं दुकान? सुरतले जाय. अशा खेळात माणूस राह्यला पाह्यजे."

आज सकाळी भोंग्यावर पंचशील झाल्यावर बाबानं गावाले माझी फाइट सांगितली. त्या नादात नळ सोडायचे राहून गेले. बाया भांडायले आल्या.

मायनं नाक पाहून घेतलं. शाबूत आहे.

९ फेब्रुवारी, सुरत

खाल्लं : अंडी, मायनं बांधून दिलेला ठेचा. झोप : एकदा. वजन : काटा शेठनं कुलुपात ठेवला.

सर म्हणाले, "सुना तूने टैप कर दिया? तू तो कभी पट-पट नहीं करता." मी म्हटलं, सर, पट-पट नहीं किया, थाप मारी थी. सर म्हणाले, वही तो. मी म्हटलं, वही नहीं सर. त्यांनी पुन्हा स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला.

दीक्षाचा फोन आला होता. "दादा, एकटा आहेस का? एक गोष्ट सांगायची आहे, पण बाबाले सांगू नको." मी म्हटलं, बाबापासून लपवायची असेल तर मले सांगूच नको, मी आता त्या मार्गाले नाही. तिनं फोन ठेवला.

किशोरभाऊनं अमरावतीची तारीख पक्की केली. समोर नागपूरचा कोणी आहे, सात-शून्य. कॉर्नरले देवमनभाऊच राहणार, आणि मागच्यासारखंच, दुसऱ्या राउंडात त्यांचा शब्द आला की लगेच करायचं. मी फोनवर हाव म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. गप राहणं खोटं बोलण्यात येते का, हे बाबाले विचारायचं आहे.

पण मनात ठरवून टाकलं. देवमनभाऊ मोठे आहेत, प्रेमळ आहेत, त्यांचा एकूण एक शब्द ऐकीन. तो एक सोडून. गळा दाबला तरी, शिट्टी वाजली तरी, दिवे पिवळे झाले तरी, आणि देवमनभाऊ जाळीबाहेर खर्रा थुंकून कितीही बोंबलले तरी, मी थाप मारणार नाही.